पावसाळ्याआधी उपकेंद्राचा फ्रीज तपासा

संपादक महोदय,

मे महिन्याच्या ५ तारखेला जागतिक सुईण दिन आणि १२ तारखेला परिचारिका दिन असतो. त्या निमित्ताने आपल्या जिल्ह्यांत सिस्टरांचे सत्कार होतात, शाल-श्रीफळ दिले जाते, सेवाभावावर भाषणे होतात. या भाषणांत नीटा बॅरो यांचे नाव यावे, आणि भाषण संपल्यावर पाहुण्यांनी उपकेंद्राच्या प्रसूतिकक्षात एक फेरी मारावी, अशी आमची विनंती आहे.

नीटा बॅरो यांचा जन्म १९१६ चा, कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावरचा. हे बेट सुमारे ४३० चौरस किलोमीटरचे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. तिथल्या सरकारी रुग्णालयात त्या परिचर्या शिकल्या, त्रिनिदादमध्ये सुईणपण शिकल्या आणि पुढे टोरंटोला सार्वजनिक आरोग्य. १९५४ मध्ये जमैकातल्या विद्यापीठ रुग्णालयाच्या मेट्रन, म्हणजे परिचारिकांच्या प्रमुख, झालेल्या त्या पहिल्या वेस्ट इंडियन. नंतर जमैका सरकारच्या मुख्य परिचर्या अधिकारी झाल्या, बेटाबेटांवरच्या नर्सिंग शिक्षणाची पाहणी करून ते सुधारण्यासाठी झटल्या. १९९० मध्ये त्या बार्बाडोसच्या पहिल्या महिला गव्हर्नर जनरल झाल्या आणि १९९५ मध्ये त्या पदावर असतानाच वारल्या.

महाराष्ट्राशी त्यांच्या कामाचा धागा जुळतो तो जामखेडमुळे. सत्तरच्या दशकात बॅरो जिनिव्हातल्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनमध्ये (चर्चच्या जागतिक परिषदेच्या आरोग्य विभागात) होत्या आणि पुढे त्याच्या प्रमुख झाल्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला गावच्याच बायकांना आरोग्याचे काम शिकवले, त्याची माहिती या कमिशनच्या पत्रिकेने देशोदेशी पोचवली. १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या जागतिक आरोग्य परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार मांडला गेला, त्यामागे अशा कामांचा मोठा वाटा होता. बॅरो यांच्या सेवाभावाबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला तो नर्सच्या शिक्षणाचा आणि निर्णय घेण्याच्या अधिकाराचा. आपल्या किनाऱ्यावर आज नेमके तेच हवे आहे.

कोकणात बहुतेक बाळंतपणे आता रुग्णालयात होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण आषाढात साकवावरून पाणी गेले, झाड आडवे पडले, खाडीची तर (होडी) बंद झाली, की खाडीपलीकडच्या वाडीतल्या बाईला उपकेंद्राच्या सिस्टरचाच आधार. आणि बाळंतपणात जीव सगळ्यांत झपाट्याने जातो तो बाळ जन्मल्यानंतरच्या रक्तस्रावाने. गर्भपिशवी आकसली नाही की वारेच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्याच राहतात. निम्म्याहून अधिक रक्तस्रावांचे कारण हेच असते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. बाळ बाहेर आल्यावर पोटावर हात ठेवून आत दुसरे बाळ नाही याची खात्री करायची आणि एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन, म्हणजे पिशवी आकसवणारे इंजेक्शन, मांडीच्या स्नायूत द्यायचे. आपल्याकडे मिळणारे अँप्युल बहुधा ५ युनिटांचे असते, म्हणजे दोन फोडावे लागतात. एकच भरले तर डोस निम्मा. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची. वार काढताना पिशवी आकसल्याशिवाय नाळ ओढायची नाही, नाहीतर पिशवीच उलटी होऊन बाहेर येण्याचा धोका. वार आली की ती तळहातांवर पसरून तिचे सगळे भाग जुळतात का, पडदे पूर्ण आहेत का हे उजेडात पाहायचे. एखादा तुकडा आत राहिला तर पिशवी आकसत नाही. मूत्राशय भरलेले असले तरी तेच होते. ही साधी गोष्ट घाईत विसरली जाते.

आता फ्रीज. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश तापमानात राहायला हवे आणि गोठताही कामा नये. उघड्या ट्रेमध्ये आठवडे पडून राहिलेले अँप्युल दिसायला ताज्यासारखेच स्वच्छ असते, पण त्यातली ताकद गेलेली असते. इंजेक्शन देऊनही रक्त थांबत नाही तेव्हा ही शंका घ्यायलाच हवी. पावसात वीज दोन-दोन दिवस गायब होते, त्यामुळे फ्रीज असणे पुरेसे नाही. लसींच्या आयएलआरमध्ये, म्हणजे वीज गेली तरी थंड राहणाऱ्या बर्फाच्या अस्तराच्या फ्रीजमध्ये, हे औषध ठेवता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून ते लसींसारखेच डब्यातून थंड ठेवून आणावे. हेच इंजेक्शन बाळ जन्मण्याआधी ‘कळा वाढवायला’ स्नायूत देणे मात्र घातक आहे. पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. घरच्यांनी कितीही गळ घातली तरी सिस्टरने ठाम नकार द्यावा, आणि त्या नकाराच्या पाठीशी वरिष्ठांनी उभे राहावे.

औषध थंड ठेवण्याची साखळी तुटली तर पिशवी आकसवणारे दुसरे औषध, मिसोप्रोस्टॉल, आहे. २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या, बाळ जन्मल्यावर तोंडाने. या गोळ्यांना फ्रीज लागत नाही, पण दमटपणा त्यांचा वैरी. पाकिटातून काढून डबीत ठेवलेल्या गोळ्या आपल्या जुलैच्या हवेत निकामी होतात, म्हणून पाकीट वापराच्या क्षणीच फोडावे. नंतर थंडी वाजते, थोडा ताप येतो. बाईला हे आधी सांगितले तर ती घाबरत नाही. या गोळ्यांचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. घाटमाथ्यावरच्या बेळगाव जिल्ह्यात १,६२० बायकांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्या दिल्या त्या खेड्यांतल्या एएनएम (सहायक परिचारिका-सुईण) सिस्टरांनी, आणि रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले.

त्या अभ्यासात रक्त मोजले होते, हे महत्त्वाचे. आपल्याकडे बाळंतिणीखाली जुने लुगडे किंवा चादर घालतात. रक्त त्यात मुरते आणि अंदाज हमखास कमी निघतो. बाईच्या खाली सरकवायची प्लॅस्टिकची पिशवी मिळते, तिच्या निमुळत्या टोकावर मिलिलिटरच्या खुणा असतात. ५०० मिलिलिटरला रक्तस्राव म्हणतात, पण ३०० वर नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला दिसला तर तेव्हाच उपचार सुरू करावेत. पोट चोळून पिशवी घट्ट करणे, एक लिटर सलाईनमध्ये २० युनिट ऑक्सिटोसिन, तीन तासांच्या आत १ ग्रॅम ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड (रक्ताची गुठळी टिकवणारे औषध) शिरेतून दहा मिनिटांत, आणि जखम किंवा राहिलेली वार शोधणे, हे सगळे एकापाठोपाठ न थांबता एकत्र करायचे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत ही पद्धत वापरून पाहिली. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि त्यातून होणारे मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी घटले. तरुण बाईचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो. नाडी मात्र आधीच १०० च्या वर गेलेली असते. म्हणून पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी मोजावी. बाळाच्या कौतुकात हेच मागे पडते.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली असलेल्या बाईला ३०० मिलिलिटरही झेपत नाही. तिचे बाळंतपण उपकेंद्रात होऊच नये. दिवस भरायच्या पंधरा दिवस आधी तिला तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे हलवावे.

ऑक्सिटोसिन आणि मिसोप्रोस्टॉल वापरण्याची परवानगी सिस्टरला केंद्र सरकारच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनीच दिली आहे. अडते ते सवयीपाशी. वर्षातून मोजकी बाळंतपणे पाहणारा हात बिचकतो आणि मग ‘डॉक्टरांना विचारते’ यात मोबाइलची रेंज शोधण्यात वेळ जातो. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षात दरवर्षी पंधरा दिवसांची नेमणूक आणि महिन्यातून एकदा पुतळ्यावर सराव, एवढे जिल्हा परिषदेच्या आवाक्यात आहे. २०१८ मध्ये केंद्राने नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरीचे, म्हणजे सुईणपणात तरबेज नर्स घडवण्याचे, अठरा महिन्यांचे प्रशिक्षण जाहीर केले. त्यासाठी किनाऱ्यावरच्या दुर्गम तालुक्यांतल्या सिस्टरांना आधी पाठवावे. आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामातून त्यांना निदान जून ते सप्टेंबर थोडे तरी मोकळे करावे.

मृग लागण्याआधी ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी उपकेंद्रात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. ऑक्सिटोसिन कुठे ठेवले आहे आणि त्याची मुदत कधी संपते? मिसोप्रोस्टॉलची पाकिटे बंद आहेत का? जून ते सप्टेंबरात दिवस भरणाऱ्या बायकांची वाडीवार यादी तयार आहे का? आणि रात्री १०८ ची गाडी वाडीपर्यंत येऊ शकली नाही, तर बाईला डांबरी रस्त्यापर्यंत कोण, कशातून आणणार?

– निवृत्त आरोग्य सहाय्यिका, देवगड व राजापूर तालुका