चार पीआर टाकून नाव होत नसतं

संपादक साहेब,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात इंजिनिअरिंगच्या पोरांनी ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, उतरून नाव कमवावं असं छापून आलं होतं, वाचून बरं वाटलं, पण नाव कमवायचं कसं ते काय त्यात नव्हतं, आणि आपल्याकडं गाडी अडते ती तिथंच.

इथल्याच एका कॉलेजात (नाव घेत नाही) पोरांना सांगितलं, महिन्याभरात चार पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे 'मी केलेला हा बदल घ्या' अशी प्रोजेक्टला विनंती) टाका, मार्क मिळतील. झालं! कुणी कुठल्यातरी प्रोजेक्टच्या रीडमीत (माहितीच्या फाईलमध्ये) एक स्वल्पविराम घातला, एकानं तर स्वतःचं नावच टाकून दिलं. पलीकडं तो मेंटेनर (प्रोजेक्टची देखभाल करणारा) बऱ्याचदा नोकरी करून रात्री फुकटात हे सांभाळत असतो, त्याला असला कचरा एकेक उघडून बंद करत बसावं लागतं. ओपन सोर्सला हातभार लावा म्हणून दर ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाचा ऑनलाईन उपक्रम असतो, २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये हेच झालेलं, चार पीआरला एक टी-शर्ट, त्या टी-शर्टापायी एवढा कचरा आला की महिना सुरू होऊन दोनचार दिवस होतायत तोवर आयोजकांनी नियम बदलला, ज्या प्रोजेक्टनं स्वतःहून हो म्हटलंय तिथलेच पीआर धरणार म्हणून.

मी पण काही शहाणा नव्हतो. एका फुकट फॉन्टमध्ये आपला 'ऱ्या' नीट उमटत नव्हता, म्हणजे 'आचाऱ्यांना' लिहिलं की 'आचार्यांना' दिसायचं, लग्नाच्या हिशोबात स्वयंपाक्याचे पैसे थेट गुरुजींच्या नावावर. मी तावातावानं इश्यू (प्रोजेक्टच्या पानावरची लेखी तक्रार) टाकला, "मराठी चालत नाही, अजून दुरुस्त का केलं नाही?" आपल्याकडं "अजून का केलं नाही बे" म्हटलं तर त्या 'बे'त निम्मी माया असते, इंग्रजीत टाईप केलं की माया गळून पडते आणि नुसता दम उरतो. तीन महिने उत्तर नाही.

वडिलांचे यंत्रमाग होते, टॉवेलचे. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, अरे, फोनवर "माल बेकार आहे" म्हणून ओरडणारे व्यापारी रोज असायचे, आम्ही फोन बाजूला ठेवून चहा प्यायचो, पण एक जण होता तो खराब टॉवेलच पाठवायचा, जिथं ताण्याचा धागा तुटलाय तिथं लाल दोऱ्याची गाठ मारून आणि सोबत कुठल्या गठ्ठ्यातला ते लिहून, त्याचं काम आधी व्हायचं आणि उधारी पण त्यालाच मिळायची.

मग मी तो इश्यू परत लिहिला. दोन्ही शब्द शेजारी-शेजारी टाईप करून फोटो काढला, कुठल्या व्हर्जनवर दिसतंय ते लिहिलं, मराठीत हा 'ऱ' वेगळा असतो, हिंदीवाल्याला हे लक्षात येणार नाही हे पण सांगितलं, आणि आधीच्या भाषेबद्दल सॉरी म्हटलं. दुसऱ्या दिवशी उत्तर. त्या माणसाला मराठीचं अक्षर येत नव्हतं तरी त्यानं पंधरा दिवसांत दुरुस्त केलं. पुढं वर्षभर देवनागरीचं काही आलं की तो मलाच विचारायचा. मी कोडची एक ओळ लिहिलेली नव्हती हो! नवीन कुणी तोच तोच प्रश्न घेऊन आला की उत्तर द्यायचं, कुणी चूक दाखवली की थँक्यू म्हणून सुधारायची, एवढंच करत होतो.

काही जण म्हणतील, खुद्द लिनस टोरवाल्ड्स वर्षानुवर्षं लोकांना फाडून खायचा, त्याचं कुठं काय अडलं? लिनक्स ही ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम, ती त्यानंच १९९१ मध्ये सुरू केली, तो मालकच होता, आपण पाहुणे. आणि त्यालाही २०१८ च्या सप्टेंबरात जाहीर माफी मागून काही दिवस बाजूला व्हावं लागलं.

आता उलटं पण सांगतो, नुसत्या चांगल्या नावावर भुलू नये. फाईली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये जिया तान या नावानं कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ शांतपणे चांगलं काम केलं, विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये त्यात चोरदरवाजा बसवला. तो प्रोग्रॅम असलेल्या मशीनवर लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरनं खोदून काढलं तेव्हा मार्चअखेरीला उघडकीस आलं. मला यातली लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मूळ मेंटेनर एकटा, थकलेला, तब्येतीनं पण त्रासलेला, आणि काही अकाउंटं त्याला सारखी टोचत होती, अपडेट कधी, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्या दबावात चावी त्या 'भल्या' माणसाच्या हातात गेली. तेव्हा दोनचार खऱ्या लोकांनी "दमानं घ्या, टेस्टिंग आम्ही बघतो" म्हटलं असतं तर?

म्हणून कॉलेजवाल्यांना विनंती, पीआर मोजून मार्क देऊ नका, एखादाच नीट लिहिलेला इश्यू मागा, फोटो आणि व्हर्जनसकट. कसा लिहायचा ते दाखवायला मी रविवारी सकाळी मोकळा असतो, फक्त आमच्याकडं पाणी यायचा दिवस सोडून. फोन नंबर तुमच्या ऑफिसात देऊन ठेवलाय.

एक वाचक,
जुळे सोलापूर