समानता निविदेच्या अटींत उतरावी

संपादक महोदय,

सरकारी खरेदीची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने गैरव्यवहाराच्या अंगाने होते. या खरेदीतून कोणाच्या हाताला काम मिळते आणि घेतलेली वस्तू किती काळ टिकते, हे प्रश्न मागेच राहतात. शाळा व्यवस्थापन समितीत काही वर्षे काम केलेला पालक म्हणून त्यांविषयी लिहीत आहे.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना राबवली. त्याआधी समग्र शिक्षा अभियानातून एका गणवेशामागे ३०० रुपये समितीकडे येत. आम्ही तालुक्याच्या बाजारातून कापड घेत असू आणि गावातले शिंपी मुलांची मापे घेऊन कपडे शिवत. नव्या योजनेत कापडाची खरेदी राज्यस्तरावर एकत्र झाली आणि शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेले. महिलांना काम देण्याचा हेतू स्वागतार्हच होता. परंतु कापड कधी येणार आणि कोणत्या मापात कापलेले असणार, यांपैकी काहीही शिवणाऱ्या महिलेच्या हातात नव्हते. शाळा सुरू होऊन महिने उलटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोहोचले नाहीत, पोहोचले त्यांतले बरेच मुलांच्या अंगाला बसले नाहीत, आणि आमच्या भागात तरी बोल बचत गटांनाच लागला. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे अधिकार पुन्हा समित्यांकडे दिले. अंगाला न बसणारा गणवेश म्हणजे वाया गेलेले कापड आणि वाया गेलेली मजुरी; पर्यावरणाचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा.

अंगणवाडीच्या पोषण आहाराचा इतिहास याहून बोलका आहे. या आहाराच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, गावसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळे यांना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये बजावले होते. तरीही आपल्या राज्याने २०१६ मध्ये काढलेल्या निविदांच्या अटी लहान गटांना पेलणाऱ्या नव्हत्या, आणि अखेर फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाला त्या रद्द कराव्या लागल्या. धोरणात महिलांचे नाव असले, तरी वार्षिक उलाढाल, अनामत रक्कम आणि पुरवठ्याच्या क्षेत्राचा आकार या तीन अटी दार उघडायचे की बंद ठेवायचे ते ठरवतात.

एकत्रित खरेदीला माझा सरसकट विरोध नाही. केंद्राच्या ‘उजाला’ योजनेत घाऊक खरेदीमुळे एलईडी दिव्याचा खरेदीदर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला आणि वीजही वाचली. दिवा सगळीकडे सारखाच लागतो; मुलांची अंगे सारखी नसतात. म्हणून कोणती वस्तू एकत्र घ्यायची आणि कोणती तालुक्यावर सोडायची, हा निर्णय निविदा काढण्यापूर्वी विचारपूर्वक घेतला पाहिजे. दर तुलनेतही केवळ किंमत न पाहता वीज, देखभाल आणि आयुष्य यांचा खर्च धरला पाहिजे, कारण पहिल्याच पावसाळ्यानंतर बदलावा लागणारा पंप स्वस्त नसतो.

केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी २०१२ पासून खरेदी धोरणाचा आदेश लागू आहे. सध्या त्यानुसार वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून घ्यायचे आहे. या प्रवर्गांकडून प्रत्यक्षात किती खरेदी झाली, याचे आकडे आपल्या राज्यातील प्रत्येक विभागाने, जिल्हा परिषदेने आणि महापालिकेने दरवर्षी अर्थसंकल्पासोबत जाहीर करावेत, आणि ते जिल्हावार असावेत.

देयकांचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. मोठा पुरवठादार सहा महिने थांबू शकतो, दहा महिलांचा गट थांबू शकत नाही. काम पूर्ण करूनही पैसे वेळेत न मिळाल्याने पुढच्या वर्षी निविदा भरण्याचा विचारच सोडून दिलेला गट मी माझ्या गावात पाहिला आहे. किमान पुढील गणवेश आणि पोषण आहाराच्या निविदांत तरी देयकाची तारीख आणि विलंबाचे व्याज अटींमध्येच लिहिले जावे, अशी माझी शालेय शिक्षण आणि महिला व बालविकास विभागांना विनंती आहे.

आपला नम्र,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक माजी सदस्य,
बार्शी, जि. सोलापूर