शिडी धरायला माणूस हवाच

दिवाळीच्या तोंडावर आमच्या सोसायटीत रंगकाम चालू होतं. सज्जाला टेकवलेली बांबूची शिडी ओल्या लादीवरून सरकली आणि रंगारी डब्यासकट खाली आला. मनगट मोडलं, ऐन सणात रोजगार बुडाला. शिडीखाली नुसतं गोणपाट होतं. दर चार फूट उंचीला शिडीचा पाया भिंतीपासून एक फूट बाहेर, वरचं टोक दोरीने बांधलेलं आणि खाली धरायला एक माणूस, एवढी काळजी घ्यायलाच हवी होती. पण त्या दुसऱ्या माणसाची मजुरी वाचवली जाते. कामावर इजा झाल्यास मालकाने भरपाई देण्याचा कायदा १९२३ पासून आहे; त्या रंगाऱ्याला ते ठाऊकच नव्हतं. कंत्राटदाराने पाचशे रुपये हातावर टेकवले. सोसायट्यांनी कंत्राट देतानाच मदतनिसाची अट लिहून घ्यावी.

– एक वाचक, पुणे