नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण लिहून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर परदेशात समलिंगी पाळकांवरून (म्हणजे चर्चच्या पाद्र्यांवरून) चर्चमध्ये फूट पडल्याची छोटी बातमी आली होती. रविवारी उपासना सुटल्यावर बाहेर चहा घेताना आमच्या मंडळीत तेच बोलणं चालू होतं आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, की हे अमेरिकेचं फॅड आहे, आपल्याकडं असलं काही नाही. मी तिथं गप्प बसले पण घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून हे लिहितेय.

आपल्याकडं असलं काही नाही हे खरं नाही. आमच्या संडे स्कूलमध्ये माझ्या हाताखाली शिकलेला एक पोरगा, नाव गाव काही लिहीत नाही, क्वायरमध्ये पेटी वाजवायचा, लॉकडाऊनमध्ये विडी कामगारांच्या घरांत रेशनची किटं पोचवायला सायकलवर पोती बांधून हाच जायचा. त्याला पाळक व्हायचं होतं. सेमिनरीला जायचं तर मंडळीच्या कमिटीचं शिफारसपत्र लागतं आणि ते मागायला आला तेव्हा त्यानं स्वतःहून पाळकसाहेबांना सांगितलं की मी असा आहे, पुढं कळण्यापेक्षा आधीच सांगतो. त्या कमिटीत मी पण होते. कुणी ओरडलं नाही, कुणी वचन काढून वाचलं नाही. त्याचा अर्ज फाईलच्या तळाशी सरकवला, पुढच्या मीटिंगला बघू म्हणाले आणि लगेच नाताळच्या आधी छताचे पत्रे बदलायचा विषय घेतला, त्याच्यावर मात्र पाऊण तास बोलणं झालं. पुढच्या मीटिंगला तो अर्ज अजेंड्यावरच नव्हता. मी विचारलं नाही. आज तीन वर्षं झाली, त्या पोराला कुणी हो पण म्हणालं नाही आणि नाही पण म्हणालं नाही.

आता अमेरिकेचं फॅड म्हणतात त्याबद्दल. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, पुढं नगर, सोलापूर इथं शाळा काढल्या, दवाखाने काढले, आमच्या घरातली पहिली शिकलेली बाई माझी आजी, ती मिशनच्याच शाळेतली. ही मिशनरी मंडळी काँग्रिगेशनल चर्चची. तेच काँग्रिगेशनल लोक १९५७ साली दुसऱ्या एका चर्चबरोबर एक होऊन युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट झाले आणि त्याच चर्चनं १९७२ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम जॉन्सन यांना, ते समलिंगी आहेत हे माहीत असताना, पाळकाची दीक्षा दिली. मोठ्या चर्चमधली अशी ती पहिलीच. म्हणजे ज्या घरातून आपल्याकडं बायबल आलं त्याच घरात हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी टेबलावर आला. आणि आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तर जगभरच्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) परिवारातलंच, त्यामुळं २००३ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशरला उघडपणे समलिंगी असलेले जीन रॉबिन्सन बिशप झाले त्याचा वाद आपल्या दारापर्यंत आलेला आहेच. त्या माणसानं दीक्षाविधीच्या दिवशी झग्याच्या आत बुलेटप्रूफ जॅकेट घातलं होतं, प्रभुभोजनाच्या टेबलापाशी उभं राहायला. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पेपर खाली ठेवू शकले नाही.

अमेरिकेतल्याच मेथॉडिस्ट चर्चनं त्याच १९७२ साली उलटं लिहिलं, की समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही. २०१९ ला सेंट लुईसच्या सभेत समलिंगी पाळकांवरची बंदी आणखी कडक केली, मतं ४३८ विरुद्ध ३८४. मग २०२४ च्या १ मे ला शार्लटमध्ये ६९२ विरुद्ध ५१ मतांनी बंदी उठवली. पण मधल्या काळात अमेरिकेतल्या सात हजार सहाशेच्या वर मंडळ्या बाहेर पडल्या होत्या आणि निर्णयानंतर महिन्याभरात आयव्हरी कोस्टची मेथॉडिस्ट मंडळी पण सोडून गेली. ज्यांना फुटीची भीती वाटते त्यांची भीती खोटी नाही, मला पण वाटते, आपल्या मंडळ्या आधीच केवढ्याशा आहेत.

बायबलच्या वचनाचं म्हणाल तर पुरुषानं पुरुषाशी संग करू नये हे लेवीय १८:२२ सगळ्यांना पाठ आहे. पुढच्याच अध्यायात १९:१९ ला दोन जातीच्या सुताचं कापड अंगावर घालू नको असं पण आहे. आपण सोलापूरचे लोक, ताण्याला एक आणि बाण्याला दुसरं सूत घालून किती घरांच्या चुली पेटल्यात, ते वचन आपण कुणाच्या पोराच्या आड आणलं नाही. समलिंगी संबंधांना दोष देणारा रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय मात्र मला अजून अवघड जातो, त्याच्यावर माझ्याकडं तयार उत्तर नाही, आणि म्हणूनच मला वाटतं की जाणत्यांनी मंडळीसमोर बसून तो वाचावा आणि त्याच्यासोबत प्रेषितांच्या कृत्यांतला आठवा अध्याय पण वाचावा. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात २३:१ प्रमाणं षंढाला मंडळीत यायला बंदी होती, पण त्या आठव्या अध्यायात रथातून चाललेल्या कूशी (इथिओपियाच्या) षंढानं वाटेत पाणी बघून मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे असं विचारलं तेव्हा फिलिप्पानं पुढच्या मीटिंगला बघू म्हटलं नाही, तो रथातून खाली उतरला.

मी समलिंगी पाळक घ्याच असं आज म्हणत नाही, माझं मत त्या बाजूचं आहे हे मात्र लपवत नाही. व्हॅटिकननं २००५ ला अशी खोलवरची प्रवृत्ती असलेल्या मुलांना सेमिनरीत घेऊ नका असं सांगितलं, मला ते पटत नाही, पण ते कागदावर तरी आहे, त्याच्याशी भांडता येतं. आपल्याकडं कोर्टानं ३७७ कलमातून ६ सप्टेंबर २०१८ ला या लोकांना मोकळं केलं, त्यावर आमच्या मंडळीत एक शब्द निघाला नाही. होय तर होय, नाही तर नाही असं बोला, हे डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूनंच सांगितलंय ना.

तो पोरगा आता पुण्यात नोकरी करतो. नाताळला आला होता, शेवटच्या बाकावर बसला, पेटी वाजवणारं कुणी आलं नव्हतं तर त्याला बोलावलं आणि त्यानं वाजवली पण. जाताना मला सलाम करून म्हणाला, मॅडम माझ्या अर्जाचं काय झालं?

वार्षिक सभेला मी हा विषय लेखी देणार आहे. तोंडी बोललेलं राहून जातं, लेखी दिलेलं सभेत वाचून दाखवावं लागतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर