बाण कुठून निघतो, हे सांगायला वर्गात माणूस द्या : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

पुण्यात बीएस्सी करणाऱ्या मुलांना 'सगळ्यात जास्त धास्ती कशाची?' असं विचारून बघा. बरीचशी मुलं 'ऑरगॅनिक' म्हणतील, म्हणजे कार्बनी संयुगांचं रसायनशास्त्र. हा विषय शिकवण्यातच माझी सगळी नोकरी सरली. आता निवृत्त आहे, पण ओळखीपाळखीची मुलं अजून वह्या घेऊन घरी येतात. त्या वह्यांत जे दिसतं त्यावरून हे पत्र लिहितो आहे.

अ‍ॅसिड आणि अल्कोहोलपासून एस्टर कसं होतं, त्याची मेकॅनिझम, म्हणजे ते पायरीपायरीने कसं घडतं ते, एका मुलीने लिहून आणली होती. अक्षर मोत्यासारखं. पहिल्याच पायरीत तिने प्रोटॉनपासून ऑक्सिजनकडे बाण काढला होता. हा वाकडा बाण म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघाली आणि कुठे गेली याची खूण. प्रोटॉनकडे एकही इलेक्ट्रॉन नाही, मग तो देणार काय? बाण ऑक्सिजनपासून निघायला हवा. समजवायला दोन मिनिटं पुरली, पण तोवर तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या साऱ्या पायऱ्या तिने अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाईडमधून तोंडपाठ केल्या होत्या.

महोदय, ऑरगॅनिकची अडचण ही इथे आहे. रिअ‍ॅक्शन्स शेकड्यांनी आहेत हे खरं, पण त्यांच्या मुळाशी असलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत : इलेक्ट्रॉन कुठे जास्त, कुठे कमी, आणि रेणूची त्रिमितीतली ठेवण कशी. मिथाइल ब्रोमाइडवर हायड्रॉक्साइड मागच्या बाजूने येतं आणि ब्रोमाइडला पुढून बाहेर काढतं. टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडमध्ये तीन मिथाइल गट मागची वाट अडवून बसलेले असतात, म्हणून तिथे आधी ब्रोमाइड सुटतं आणि नंतर दुसरा गट जोडला जातो. पहिल्या प्रकाराला एसएन२ म्हणतात, दुसऱ्याला एसएन१. हे ज्याला डोळ्यांसमोर दिसतं त्याला एसएन१ आणि एसएन२ पाठ करावं लागत नाही. ज्याला दिसत नाही तो पीएमपीचे बसनंबर पाठ करून पुणे ओळखायला निघालेला असतो. कन्व्हर्जनचा, म्हणजे एका पदार्थापासून दुसरा कसा बनवायचा हा, प्रश्न आला, की त्याची गाडी अडते.

हा पाया घातला जातो पहिल्या वर्षाच्या पहिल्या काही आठवड्यांत. हायब्रिडायझेशन, इंडक्टिव्ह इफेक्ट, रेझोनन्स, स्टिरिओकेमिस्ट्री. नेमके तेच आठवडे अनेक कॉलेजांत वाया जातात, कारण वर्ग सुरू झालेले असतात आणि शिकवणारा अजून नेमलेला नसतो. पूर्णवेळ जागा रिकामी, त्यावर तासिका तत्त्वावरचा माणूस. त्याची दर वर्षी नव्याने जाहिरात, नव्याने मुलाखत, नव्याने मान्यता. गेल्या वर्षी तोच शिकवत होता, तरीही. तो रुजू होईपर्यंत सेमिस्टर निम्म्याकडे झुकलेलं असतं. मग तो बिचारा काय करणार? 'आयएमपी' प्रश्न देतो आणि पोर्शन संपवतो. तासागणिक पैसे घेणाऱ्या माणसाने पन्नास वह्या घरी नेऊन प्रत्येकीतला बाण तपासावा, ही अपेक्षाही अन्यायाची आहे. नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली ही माणसं आहेत. सेटची परीक्षा तर पुण्याचंच विद्यापीठ घेतं. पात्र करायचं इथेच आणि ताटकळत ठेवायचंही इथेच.

प्रॅक्टिकलचं तर विचारू नका. बेंझोइक अ‍ॅसिडचा मेल्टिंग पॉइंट १२२ अंश हे मुलांना पुस्तकातून ठाऊक असतं. एकदा का ओळखायला दिलेल्या नमुन्याचं नाव फुटलं, की कॅपिलरीतली पावडर वितळो न वितळो, जर्नलमध्ये १२२ येतातच.

यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात. एक, सिलॅबस कमी करा. कृपा करून तसं करू नका. कापाकापी झाली की आधी जातात ती कारणं, रिअ‍ॅक्शन्सच्या याद्या तशाच राहतात. दुसरा, व्हिडिओ दाखवा. व्हिडिओ चांगले आहेत, माझ्याकडची मुलंही बघतात. पण व्हिडिओला मुलाची वही दिसत नाही, त्यामुळे उलटा काढलेला बाण उलटाच राहतो.

हे सगळं पुण्यात घडतं आहे, याचं जास्त वाईट वाटतं. पाषाणला १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिनसाठी. त्या पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचं एक कडं असतं. कार्बनच्या चार बंधांना एरवी १०९.५ अंशांचा कोन सोयीचा, इथे त्यांना ९० च्या आसपास कोंबलेलं असतं. म्हणून ते कडं चटकन उघडतं आणि जिवाणूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला जखडून टाकतं. कड्यातला ताण हा धडा एफवायचाच. तो नीट शिकलेल्या मुलाला हे औषध कसं चालतं ते दहा मिनिटांत कळतं. पिंपरी-चिंचवडच्या मुलांनाही हे कुणी सांगत नाही.

तेव्हा मागणी एकच आहे. रिकाम्या पूर्णवेळ जागा भराच, पण त्याला वेळ लागणार असेल, तर निदान तासिका तत्त्वावरच्या नेमणुका वर्ग सुरू होण्याच्या आधी पुऱ्या करा, आणि ज्याचं काम चांगलं आहे त्याला दर वर्षी पुन्हा मुलाखतीला उभं करू नका. पुणे विभागाच्या सहसंचालकांकडून एक तक्ता मागवा : कोणत्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या किती जागा रिकाम्या, वर्ग कधी सुरू झाले आणि शिकवणारा कोणत्या तारखेला वर्गात उभा राहिला. तो संकेतस्थळावर टाका. प्रवेश घेण्याआधी पालकांना तो बघता आला पाहिजे.

कळावे,
आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक
सदाशिव पेठ, पुणे ३०