बिमिनीला निघायच्या आधी रेडिओचे कागद करा

मंडळी, पुढच्या महिन्यात फ्लोरिडाहून बहामासमधल्या बिमिनी बेटावर येणाऱ्या सगळ्या बोटवाल्यांसाठी. इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, पाण्यात बोटीवरच्या साध्या व्हीएचएफ रेडिओला लायसन्स लागत नाही म्हणून आपण निवांत असतो, पण बहामासच्या बंदरात शिरायचं तर दोन कागद हवेतच:

- बोटीचं शिप स्टेशन लायसन्स, १० वर्षं चालतं
- रेडिओवर बोलणाऱ्याचं रिस्ट्रिक्टेड ऑपरेटर परमिट, परीक्षा नाही, आयुष्यभराचं

दोन्ही एफसीसीकडे (अमेरिकेचं रेडिओ परवाने देणारं सरकारी खातं), फॉर्म ६०५.

आणि हे नीट वाचा, बोटयूएस या बोटवाल्यांच्या संघटनेकडून घेतलेला एमएमएसआय नंबर (रेडिओत भरलेला बोटीचा ओळख क्रमांक) फक्त अमेरिकेपुरता असतो, तो आंतरराष्ट्रीय यादीत जात नाही, म्हणजे तिकडे रेडिओचं मदत मागायचं लाल बटण दाबलं तर शोधणाऱ्यांना बोट कोणाची तेच कळायचं नाही. एफसीसीचा नंबर घ्या. बऱ्याच रेडिओत जुना नंबर आपल्याला बदलता येत नाही, डीलरकडे न्यावा लागतो, तेव्हा आत्ताच लागा.

रविवारपर्यंत कागदांचे फोटो ग्रुपवर टाका.