चित्र झाका, अक्षर वाचू द्या

लेस्टर, इंग्लंड

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही म्हणालात, चिरंजीव इंग्रजीचं पुस्तक धडाधड म्हणून दाखवतात, पण त्यातलाच शब्द दुकानाच्या पाटीवर दिसला की गप्प. वहिनी, त्याला पुस्तक पाठ झालंय, वाचता अजून येत नाही. यात त्याचा काडीचा दोष नाही. त्याच्या हातात पुस्तकच चुकीचं आहे.

इथे आमच्या लेकीला ए-बी-सी-डीच्या नावांआधी अक्षरांचे आवाज शिकवले. सुरुवातीला सहाच अक्षरं: एस, ए, टी, पी, आय, एन. तेवढ्यावर सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे कितीतरी शब्द होतात. घरी वाचायला येणारं पुस्तकही तेवढ्याच आवाजांचं. आपणही पहिलीत घर, नळ, बस, गवत असे बिनकाना-मात्रेचे शब्दच आधी वाचले ना? तसंच हे. ‘द’, ‘सेड’, ‘वॉज’ असे अक्षरांच्या आवाजांना न जुमानणारे आडमुठे शब्द मात्र थोडे थोडे करून वेगळे शिकवतात.

२००६ साली लहान मुलांना वाचन कसं शिकवावं यावर जिम रोज यांचा अहवाल आला आणि इंग्लंडच्या शाळांत ही पद्धत रुजली. २०१२ पासून पहिलीच्या मुलांची जूनमध्ये छोटी तपासणी होते. ४० शब्द वाचायचे, त्यातले २० चक्क निरर्थक. तिथे पाठांतर चालतच नाही, आवाज जोडूनच वाचावं लागतं. मला हे फार पटलं.

आता मुख्य गोष्ट. आवाज अक्षराचा पाय मोडून म्हणायचा. ‘स’ नाही, ‘स्’. ‘ट’ नाही, ‘ट्’. आपल्या जिभेला प्रत्येक अक्षरात ‘अ’ घालायची सवय, त्यामुळे मूल ‘सअ-ॲ-टअ’ म्हणत बसतं आणि शब्द जुळतच नाही. स्, ॲ, ट्... सॅट! असं जुळलं की चेहरा बघा त्याचा.

बाई शब्दाखाली पेन्सिलीने खुणा करतात. एका अक्षराचा एक आवाज असेल तर टिंब, दोन अक्षरं मिळून एक आवाज असेल तर रेघ. ‘शिप’मध्ये एस-एचखाली एक रेघ, मग दोन टिंबं. लेक त्यांवर बोट ठेवत पुढे सरकते. जहाजाचं चित्र पाहून मूल ‘शिप’ऐवजी इंग्रजी ‘बोट’ म्हणालं तर ते वाचन नव्हे, म्हणून चित्र हाताने झाका. शब्द वाचून झाला की दाखवा.

या पुस्तकांतल्या गोष्टी अगदीच साध्या असतात, हे खरं. म्हणून शाळा दुसरंही एक पुस्तक देते, ते आईबाबांनी वाचून दाखवायचं. दादाला सांगा, रात्री मराठी गोष्ट वाचून दाखवणं मुळीच बंद करू नकोस. शब्दांची गोडी तिथूनच लागते.

डिसेंबरात माझी मैत्रीण पुण्याला येतेय, तिच्याबरोबर पुस्तकं पाठवते. शाळेत त्याचे कोणकोणते आवाज शिकवून झालेत, तेवढं मला कळवा, म्हणजे त्याच टप्प्याची घेता येतील.

तुमची,
वन्सं